मांगातली मारामारी जिवंत माणसांवर चित्रित करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा मिनिटांचा लघुपट, कोल्हापुरात घडणारा. शेवटची तीन मिनिटं दोन मुलींमधली लाठीची लढत, आणि ती मांगा (जपानी कॉमिक्स) आणि अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) यांच्यासारखी दिसायला हवी. चाचणी म्हणून एक भाग चित्रित झाला आहे: रंगीत विग, चकचकीत कपडे, एडिटमध्ये चढवलेल्या वेगरेषा (मांगात वेग दाखवायला ओढतात तशा रेघा), प्रत्येक फटका स्लो-मोशनमध्ये. पाहणाऱ्यांनी सांगितलं की कॉस्प्लेचा, म्हणजे चाहत्यांनी पात्रांचा वेष करून काढलेला, व्हिडिओ वाटतो. पैसे मोजके आहेत. मग काय बदलायचं?

माझं काम कॅमेऱ्याचं आहे आणि त्यातला बराचसा काळ अ‍ॅक्शनच्या सेटवर गेला आहे. त्यामुळे उत्तर कॅमेरा, एडिट आणि फाइट मास्टर यांच्या बाजूने देतो. विगचं नंतर बोलू, ती तुलनेने सोपी दुरुस्ती आहे.

आधी स्लो-मोशन काढून टाका. मारामारीच्या मांगाचं कोणतंही पान उघडून बघा. एका चौकटीत मूठ मागे खेचलेली. पुढच्या चौकटीत समोरच्याचा नुसता डोळा. मग अर्धं पान व्यापणारा फटका. त्यानंतर रिकामं आकाश, किंवा जमिनीवर पडलेली एक चप्पल. मधली हालचाल कुठेच काढलेली नाही. ती वाचणारा मनात पूर्ण करतो, आणि स्वतः पूर्ण करतो म्हणूनच तो फटका त्याला जोरात बसल्यासारखा वाटतो. मांगाकार जे गाळतो तेच स्लो-मोशन पसरून दाखवतं. मूठ निघाल्यापासून गालावर बसेपर्यंतचा प्रत्येक क्षण समोर येतो आणि वाचकाने भरायची जागाच उरत नाही. एकाच शॉटमध्ये वेग कमी-जास्त करणारा स्पीड रॅम्प हल्ली सर्रास वापरतात, त्यालाही हेच लागू आहे. ते दिसायला देखणं असेल, पण त्याचा मांगाशी संबंध नाही. मांगा क्षण निवडतो. तुमच्या तीन मिनिटांत कोणते क्षण दाखवायचे आणि कोणते गाळायचे, हे ठरलं की निम्मी शैली आली असं समजा.

अ‍ॅनिमेमध्ये हीच गोष्ट टंचाईतून आली. मांगाकार ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने १ जानेवारी १९६३ पासून ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही अर्ध्या तासाची मालिका दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात आणि तितकी चित्रं दर आठवड्याला काढणं त्या बजेटमध्ये अशक्य होतं. म्हणून एक चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. बोलताना फक्त ओठ हलवले, काढलेली चित्रं पुन्हा वापरली, आणि पुष्कळ ठिकाणी चित्र सरळ स्थिर ठेवलं. या काटकसरीतून पुढच्या पिढीने भाषा घडवली. ‘आशिता नो जो’सारखी मालिका करणारे ओसामु देझाकी ऐन मोक्याच्या क्षणी हालचाल थांबवून त्याचं रंगवलेलं स्थिर चित्र करायचे, किंवा एकच पॅन (कॅमेरा बाजूला फिरवत घेतलेला शॉट) लागोपाठ तीनदा दाखवायचे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आपण जो मोगली पाहिला तीही जपानी मालिका, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची. आता आवाज बंद करून पाहा. चित्र किती वेळ थांबलेलं असतं आणि हललं की किती झपकन हलतं, ते लगेच कळेल.

थांबणं आणि झपकन सुटणं, हा ताल तुम्हाला जिवंत माणसांकडून काढून घ्यायचा आहे. अडचण अशी की माणूस थांबतच नाही. छाती हलते, पापणी लवते, पदर हलतो. एडिटमध्ये फ्रेम गोठवली तर हे सगळं एकदम मरतं आणि पाहणाऱ्याला वाटतं की व्हिडिओ अडकला. उपाय अ‍ॅनिमेतच आहे. तिथे पात्र स्थिर असताना त्याचे केस किंवा कपडे वाऱ्यावर हलत राहतात. तुम्हीही मुलीला पवित्र्यात स्थिर उभी करा आणि तिच्याभोवतीचं काहीतरी हलू द्या: ओढणीचं टोक, माती, मागच्या झाडाची पानं. एक मोठा पेडेस्टल फॅन आणि मूठभर मुलतानी माती एवढ्यात हे होतं.

इथे फाइट मास्टरशी आधी बसून बोलणं गरजेचं आहे. आपल्याकडे लढत बसवतात ती मोजणीवर, एक-दोन-तीन-चार असं सलग, कारण कलाकाराला इजा होऊ नये आणि ताल लक्षात राहावा. ते योग्यच आहे. पण तुम्ही त्यांना प्रत्येक वाराचा सुरुवातीचा पवित्रा आणि शेवटचा पवित्रा वेगळा मागा, आणि त्या दोन्ही ठिकाणी कलाकाराने पूर्ण थांबायची तालीम करून घ्या. मर्दानी खेळ शिकलेल्या मुली असतील तर त्यांच्याकडे असे पवित्रे आधीच आहेत. लाठी फिरवून झाल्यावर त्या जशा घट्ट थांबतात, तसं थांबणं जपानी तलवारबाजीची नक्कल करून येणार नाही. जे त्यांच्या अंगात आहे तेच वापरा.

जपानमध्ये या बाबतीत सगळ्यात चांगलं काम मला ‘रुरोनी केनशिन’ या मांगावरच्या चित्रपटांत दिसतं. पहिला २०१२ मध्ये आला, दिग्दर्शक केइशी ओतोमो, अ‍ॅक्शन दिग्दर्शक केन्जी तानिगाकी. तानिगाकी हाँगकाँगमध्ये डॉनी येन यांच्या चमूत घडलेले. मांगात नायक दिसेनासा होईल इतका वेगवान आहे. चित्रपटात त्याची भूमिका करणारा ताकेरू सातो खरोखर धावतो, अंग जमिनीकडे इतकं झुकवून की आता पडेल असं वाटावं, आणि वळताना पाय घसरून धूळ उडते. धूळ उडते म्हणून वेग खरा वाटतो. मग तो थांबतो, आणि मागे लोक पडत असतात. मांगाच्या पानावरचा ‘आधी’ आणि ‘नंतर’ इथे एका शॉटमध्ये बसवला आहे.

आता एडिटचे आकडे सांगतो, सुरुवातीला हातात धरायला म्हणून. पवित्र्यावर वीस ते तीस फ्रेम थांबा. वार पाच-सहा फ्रेममध्ये संपवा. लाठी लागण्याच्या नेमक्या आधीच्या दोन फ्रेम काढून टाका. डोळ्याला त्या गेल्याचं कळत नाही, पण फटका जड होतो. लागल्याची फ्रेम तीन फ्रेमपर्यंत धरा. एवढ्या कमी वेळात गोठवलेलं चित्र मेल्यासारखं वाटत नाही, तो धक्का वाटतो. त्यानंतर परिणामाचा शॉट निवांत ठेवा, दीड सेकंद तरी. अ‍ॅनिमेमध्ये फटक्याच्या जागी एक-दोन फ्रेम नुसत्या पांढऱ्या, किंवा काळ्याचं पांढरं करून उलटवलेल्या टाकतात. तीन मिनिटांत ते एकदाच करा, सगळ्यात मोठ्या फटक्याला.

देझाकींसारखी तिहेरी पुनरावृत्ती मात्र टाळा असं माझं मत आहे. आपल्या प्रेक्षकाने वर्षानुवर्षं कौटुंबिक मालिकांत सासूच्या चेहऱ्यावर तीनदा झूम पाहिला आहे. तोच आकार तुमच्या लढतीत आला तर लोक हसतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो ते, हा दुसरा मोठा बदल. चोवीस फ्रेमला शटर साधारण १८० अंशावर ठेवतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंदाची, आणि वेगाने फिरणारी लाठी त्यात धूसर होते. रेखाटलेल्या चित्राला अशी धूसर कड नसते. शटर ९० अंशावर आणा, मोठ्या वारांना ४५ अंशावर, म्हणजे जवळपास १/२०० सेकंद. लाठी, बोटं, उडालेली माती, सगळं धारदार दिसेल आणि हालचाल किंचित तुटक होईल. हे दिवसा उन्हातच करा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर चालणाऱ्या साध्या दिव्यांखाली १/१०० पेक्षा वेगवान शटर ठेवलं तर चित्र लुकलुकण्याचा किंवा त्यात पट्टे येण्याचा धोका असतो. शिवाय शटर अरुंद केलं की प्रकाश जास्त लागतो, आणि ऊन फुकट मिळतं.

सेकंदाला आठ चित्रांचा तो खास झटका हवाच असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच अडखळतात. पूर्ण शॉट आठ चित्रांवर आणला तर तो फक्त खराब इंटरनेटवर चाललेला वाटतो. अ‍ॅनिमेमध्ये पात्र आठ चित्रांवर असतं, पण कॅमेऱ्याचा पॅन चोवीस फ्रेमवर सुरळीत चालतो. हा दुहेरी वेगच त्या दृश्याची ओळख आहे. म्हणून शॉट तिपाईवर, अजिबात न हलवता, ४के मध्ये घ्या. एडिटमध्ये फ्रेम निवडून प्रत्येक तीनदा धरा, आणि कॅमेऱ्याची हालचाल नंतर, मोठ्या चित्राच्या आत सरकवून, पूर्ण चोवीस फ्रेमवर द्या. निवडताना सरसकट दर तिसरी फ्रेम उचलू नका. ज्या फ्रेममध्ये शरीराचा आकार स्पष्ट वाचता येतो तीच घ्या, मग कधी दोन धरा, कधी चार.

याहून पुढे जाऊन हिदेआकी आन्नो यांनी २००४ च्या ‘क्यूटी हनी’ चित्रपटात एक वेगळाच प्रयोग केला. आन्नो मुळात अ‍ॅनिमेतले. त्यांनी अ‍ॅनिमेशनच्या चित्रांप्रमाणे अभिनेत्रीला एकेका पवित्र्यात उभं करून स्थिर छायाचित्रं काढली आणि ती चित्रांसारखी जुळवली. या पद्धतीला हनीमेशन असं नाव पडलं. ती संपूर्ण चित्रपटाला पेलणार नाही, पण तुमच्यासारख्या लघुपटाला तीन सेकंदांपुरती फार उपयोगी आहे. तीन सेकंद म्हणजे चोवीस पवित्रे. एक फोटो कॅमेरा, पाय कुठे ठेवायचा त्याच्या खुणा, आणि संयम असलेली कलाकार. उडी मारून वार करण्याचा क्षण असा केलात तर वायर आणि क्रेनचा खर्च वाचतो, कारण प्रत्येक फोटोला तिला स्टुलावर उभी करून स्टूल नंतर पुसता येतं.

वेगरेषांचं आता सांगतो. मांगात वेगरेषा आल्या की पार्श्वभूमी नाहीशी होते. तेच त्यांचं काम: त्या क्षणी जगात फक्त ही मुलगी आणि तिची लाठी आहे, असं सांगायचं. खऱ्या पार्श्वभूमीवर त्या रेषा वरून चिकटवल्या की घर, झाड, विजेचा खांब सगळं तसंच मागे उभं राहतं आणि रेषा नुसती सजावट होते. त्याऐवजी पार्श्वभूमीच रेषा करा. दीडशे-दोनशे मिलिमीटरची लेन्स लावा, मुलीला आडवं पळवा आणि तिच्याबरोबर पॅन करा. मागची उसाची रांग किंवा दगडी भिंत आपोआप आडव्या रेघांत बदलते. या शॉटला तेवढं शटर पुन्हा १८० वर आणायचं, रेघा नीट ओढल्या जाव्यात म्हणून. कॅमेरा आणि मुलगी यांच्या मध्ये काही फांद्या किंवा खांब येऊ द्या. कुरोसावा आणि छायालेखक काझुओ मियागावा यांनी १९५० च्या ‘राशोमोन’मध्ये जंगलातल्या चालीला जो वेग दिला, तो जवळून सरकणाऱ्या पानांनी दिला आहे.

आणि खरं तर हे देणंघेणं दोन्ही बाजूंनी चालत आलं आहे. तेझुका सिनेमावेडे होते. १९४७ च्या त्यांच्या ‘शिन ताकाराजिमा’ची सुरुवात धावत्या मोटारीच्या चित्रांनी होते आणि ती थेट शॉट कापल्यासारखी आहे. क्लोजअप, लो अँगल हे मांगाने सिनेमाकडूनच घेतलं. सिनेमाला मांगाकडून जे मिळत नाही ते म्हणजे चौकटीचे आकार. पानावर उभी, अरुंद, तिरकी चौकट काढता येते. तुमचा पडदा कायम आडवा आहे. त्यामुळे मांगाचं पान स्टोरीबोर्ड म्हणून जसंच्या तसं वापरू नका. उभी चौकट हवी तिथे खरी उभी जागा शोधा: वाड्याचा दरवाजा, दोन भिंतींमधला बोळ, जिना. दोन्ही बाजूंचा काळोख तुमची चौकट आखून देईल.

आता चित्रातल्या खोलीबद्दल. नवे दिग्दर्शक एफ १.४ ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, लेन्स भाड्याने आणतात आणि मागचं सगळं विरघळवून टाकतात. पारंपरिक सेल अ‍ॅनिमेमध्ये (पारदर्शक पत्र्यांवर हाताने रंगवलेल्या) पात्रही स्पष्ट आणि मागचं रंगवलेलं दृश्यही स्पष्ट असतं. मोठ्या पैशांत याचा सगळ्यात निर्भीड प्रयत्न वाचोव्स्कींच्या ‘स्पीड रेसर’मध्ये (२००८) झाला. जर्मनीत बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत क्रोमावर (एकरंगी पडद्यासमोर) चित्रीकरण करून जवळचं, मधलं आणि लांबचं असे थर वेगळे घेतले आणि सगळे तितकेच धारदार ठेवून एकत्र केले. चेहरे पडद्यावरून सरकतात आणि त्यांच्या मागे प्रसंगच बदलतो. चित्रपट तेव्हा चालला नाही. मला तो अजूनही या विषयातला सर्वांत महत्त्वाचा चित्रपट वाटतो, कारण त्याने अ‍ॅनिमेचा पोशाख न घेता तिची अवकाशरचना घेतली. तुमच्यापुरतं सांगायचं तर मोबाइलचा किंवा लहान सेन्सरचा कॅमेरा इथे उजवा ठरतो. त्यात सगळं आपसूक फोकसमध्ये राहतं. अठरा मिलिमीटरच्या आसपासची वाइड लेन्स, छिद्र एफ ८ किंवा ११, लाठीचं टोक काचेपासून वीतभर अंतरावर आणि त्यामागे चेहरा. योशिनोरी कानादा यांच्यासारखे अ‍ॅनिमेटर जो अतिरेकी परिप्रेक्ष्य काढायचे, त्याच्या जवळ यानेच जाता येतं. लाठीचं टोक मात्र फोमचं करून घ्या, लेन्स भाड्याची असते.

प्रकाशाचा नियम छोटा आहे. अ‍ॅनिमेतला चेहरा दोन रंगांत असतो, उजेड आणि सावली, मधली सीमा कापल्यासारखी. चार-साडेचारचं ऊन एका बाजूने घ्या आणि थर्माकोल लावून सावली भरू नका. कपडे एकरंगी ठेवा, छापील काही नको. मागची भिंत फिकी असू द्या. एवढ्याने माणूस पार्श्वभूमीपासून सुटा होतो आणि डीआयमध्ये, म्हणजे शेवटी रंग सुधारताना, फार झगडावं लागत नाही.

डोळे मोठे करण्याचा मोह सोडा. ‘अलिटा: बॅटल एंजल’ (२०१९) मध्ये रोझा सालाझार यांच्या अभिनयावर वेटा या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने संपूर्ण संगणकीय चेहरा उभा केला, तेव्हा कुठे ते मोठे डोळे शक्य झाले. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा लोकांना ते खटकले. त्यावर त्यांनी डोळे लहान केले नाहीत, बुबुळं मोठी केली. कारण साधं आहे: डोळ्यातला पांढरा भाग जास्त दिसला की माणूस घाबरलेला वाटतो. तुम्हाला यातून घेण्यासारखं एवढंच की मांगातल्या डोळ्याचा जीव त्यातल्या चमकेत असतो. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, डोळ्यांच्या किंचित वर, एक मोठा पांढरा कापड किंवा पत्रा धरा. त्याचं प्रतिबिंब बुबुळात मोठं आणि स्वच्छ उमटतं. हा क्लोजअप बाकीच्या लढतीपासून वेगळा, सावलीत घ्या, म्हणजे वर सांगितलेला दोन रंगांचा प्रकाश बिघडणार नाही.

विग: काढून टाका. मुलींचे स्वतःचे केस कापून, मेण लावून, लांबून ओळखता येईल असा एकेक ठळक आकार द्या. रंग हवाच असेल तर काळ्याकडे झुकणारा. केनशिनचे मांगातल्या रंगीत चित्रांत लालभडक असलेले केस चित्रपटात मंद तांबूस केले आहेत. कपडे दोन-तीनदा धुवा, चहाच्या पाण्यात बुडवा, कोपर आणि गुडघ्याला पॉलिश पेपर मारा. कॉस्प्लेची भावना येते ती बरीचशी कोऱ्या कापडातून.

विनोदी क्षणी चेहरा एकदम बाहुलीसारखा करणं हा मांगाचा आणखी एक गुण. २००६ च्या ‘नोदामे कांताबिले’ या जपानी मालिकेत नायिकेला झटका बसतो तेव्हा क्षणभर तिच्या जागी सरळ बाहुली वापरली आहे आणि ते छान जमलं आहे. पण ती मालिका पहिल्यापासून विनोदी आहे. तुमची लढत गंभीर आहे, तेव्हा हे नको.

शेवटी आवाज, आणि यावर कंजूषी करू नका. थांबलेला पवित्रा पडद्यावर टिकतो तो आवाजामुळे. जपानी अ‍ॅनिमेमध्ये अशा जागी उन्हाळ्यातल्या सिकाडांची किरकिर असते; ती उचलून कोल्हापुरात आणू नका. तुमच्या जागेवर भर दुपारी काय ऐकू येतं ते ऐका. लांब कुठे विहिरीवरचा पंप चालू असेल, गुऱ्हाळ असेल, होला घुमत असेल. तो आवाज पवित्र्याखाली ठेवा आणि फटका लागायच्या सहा-आठ फ्रेम आधी सगळंच बंद करा. त्या पोकळीत फटका पडू द्या. लाठीवर लाठी आदळण्याचे आवाज चित्रीकरणाच्या दिवसावर सोडू नका. तालमीच्या दिवसांतच, मोकळ्या मैदानात सकाळी लवकर, जवळून आणि लांबून असे दोन्ही प्रकारे वेगळे रेकॉर्ड करून ठेवा, आणि एडिटला बसाल तेव्हा पहिल्या कटपासूनच ते आवाज चित्राखाली लावून फ्रेम मोजा.